मढ्याचा अंगठा

माझी पुतणी शैला आणि तिच्या मैत्रिणींनी पदरमोड करून भुताचा पिक्चर काढला. परवा दुपारी तो मंगल कार्यालयात दाखवला. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, नुसती कापाकापी. उडालेलं मुंडकं भोपळ्याचं आहे हे आंधळ्यालाही कळेल. रक्त म्हणजे बीट घातलेला गुळाचा पाक, तोही बादलीनं ओतलेला. बायका किंचाळत होत्या आणि किंचाळता किंचाळता हसत होत्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. दिवाळीनंतर माझी बायको गेली. रक्ताचा थेंब नाही, आवाज नाही, झोपेतच गेली. तिच्या पायांचे अंगठे मीच सुतळीनं बांधले आणि हलतात का ते बघत राहिलो. हलले नाहीत. तेव्हापासून डोळे मिटले की तेच दिसायचे.

पिक्चरच्या शेवटी शैलाच मरून पडली. गुळाला मुंग्या लागल्या असणार. पडदाभर तिचा पाय आला आणि मढ्याचा अंगठा चटकन हलला. मोठ्या पिक्चरात असं होत नाही, तिथं मेलेलं माणूस नीट मरतं. सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. किती महिन्यांनी छाती मोकळी झाली.

शैला ओशाळून जवळ आली. "काका, मुंगी चावली हो. तेवढं कापून टाकते."

"एवढी माणसं कापलीस, अजून पोट भरलं नाही का गं? तो अंगठा राहू दे. हलू दे त्याला."