छावणीतल्या काकू

लहान मुलाशी बोलायचं असलं की काकू आधी खाली बसायच्या. सत्तरी उलटलेली, गुडघे दुखरे. तरी सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टपाशी कुणाचं पोर भेटलं, की भिंतीला हात टेकून त्याच्यासमोर बसायच्या आणि मगच विचारायच्या, "काय रे?" मला हसू यायचं. त्या म्हणायच्या, "मान वर करून बोलावं लागलं ना, की मूल आपल्याला हवं तेच सांगतं."

तुमच्याही शेजारात असं कुणी असेल, ज्याने आयुष्यात काय केलं ते आपल्याला फार उशिरा कळतं.

काकूंचे यजमान जहाजावर इंजिनिअर. लग्न होऊन त्या सिंगापूरला आल्या, तेव्हा व्हिएतनाममधून होड्यांतून निघालेली माणसं इथल्या निर्वासितांच्या छावणीत येत होती. त्यांत काही मुलं एकटीच असत. त्यांना सांभाळायच्या कामाला काकू लागल्या.

नॉर्वेच्या एका मालवाहू जहाजाने भर समुद्रातून वाचवलेल्यांत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. कडेवर लहानगा भाऊ. नॉर्वेतलं एक कुटुंब दोघांनाही घ्यायला तयार झालं. जायचं ठरलं, आणि एका दुपारी कपडे वाळत घालताना ती मोडक्या इंग्रजीत काकूंना म्हणाली, "तो माझा भाऊ नाही."

त्याची आई होडीतच वारली होती. जाण्याआधी तिने पोर हिच्या हातात दिलं होतं.

"कुणाला सांगू नका. त्याला माझ्यापासून काढतील."

काकूंनी सांगितलं. त्याचं खरं नाव, आईचं नाव, गाव, सगळं अधिकाऱ्याला सांगितलं. आणि मग दोघांना एकत्रच पाठवा म्हणून त्याच्या मागे लागल्या.

"त्याचा बाप मागे राहिला होता रे," त्या मला म्हणाल्या. "उद्या तो शोधायला लागला, तर कोणत्या नावाने शोधणार?"

मुलं एकत्रच गेली, त्याच घरी. पण निघताना मुलीने काकूंकडे पाहिलं नाही. काही वर्षांनी बाप खरंच सापडला, आणि मुलगा त्याच्याकडे राहायला गेला. मुलगी मागे राहिली.

"केलं ते बरोबरच," काकू म्हणायच्या. मग थोड्या वेळाने, "पण तिला काय उरलं?"

दोन वर्षांपूर्वी ती आली. पन्नाशी उलटलेली, तिकडे नर्स झालेली. काकूंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि विचारलं, "रागावली होतीस ना?"

"हो. अजून थोडी आहे."

काकूंनी मान डोलावली. ती मात्र आठवडाभर राहिली. रोज संध्याकाळी काकूंचा दंड धरून त्यांना खाली फिरायला न्यायची.

यंदा काकू गेल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेहून पोचायच्या आत. नॉर्वेला फोन मीच केला. पलीकडून तिने एवढंच विचारलं, "शेवटी त्या एकट्या नव्हत्या ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी हात धरून बसलो होतो."

तेव्हा कुठे ती रडायला लागली.