सातव्या मजल्यावर लागणारा दम

आमच्या खारघरच्या सोसायटीला दोन लिफ्ट आहेत, पण अकराव्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी ती कॉलेजची मुलगी एकीलाही हात लावत नाही. सकाळी ओट्स, दुपारी काकडी आणि संध्याकाळी जिना. "कार्डिओ, काका!" हे ती अशा ठसक्यात सांगते की नुसतं ऐकून माझं दोन किलो वजन उतरतं.

सहा मजले ती हरणासारखी चढते आणि नेमका आमच्या दारापाशी तिला दम लागतो. तोही साडेसातला, आमची ही ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेते तेव्हाच. हिच्या थापण्याचा आवाज पनवेलपर्यंत जातो म्हणा! मुलगी कठड्याला टेकून डोळे मिटते.

"बार्शीची ना तू? ये, गरमगरम खा."

"नको काका, डाएट चालू आहे."

शेवटची भाकरी तव्यावर पडली की दमही संपतो आणि ती वर पळते.

परवा हिचा हात भाजला म्हणून मी पाव आणले. मुलगी नेहमीसारखी येऊन थांबली. दहा मिनिटं झाली तरी हलेना.

"काकू नाहीत का घरात?"

"आहे की. आज भाकरी नाही."

तिने मान हलवली, वर्षात पहिल्यांदा लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट येईपर्यंत फोन लावला.

"आई, भाकऱ्या झाल्या का गं? नसतील तर फोन जरा परातीजवळ ठेव."