पलूसच्या पिंपातली जुनी सिरा

ह्यांनी पुण्यात दोन दिवसांचा वाईन चाखण्याचा कोर्स केला आणि साताऱ्याच्या आमच्या घरात साधं ताक पिणंही अवघड झालं. पेला उजेडाकडे धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि मग माझ्याकडे गंभीरपणे बघायचं. ह्यांच्या बँकेतल्या कुणीतरी सांगितलं की पलूसजवळ शामराव आप्पांच्या वाईनरीत ओकच्या लाकडी पिंपात कित्येक वर्षं ठेवलेली सिरा, म्हणजे त्या जातीच्या काळ्या द्राक्षांची लाल वाईन आहे आणि ते जाणकारांचं मत विचारताहेत. 'जाणकार' हा शब्द ऐकताच ह्यांनी फोन लावला.

शनिवारी सकाळी निघालो. उंब्रजला वडापाव खायला थांबलो, तर हे म्हणाले, "जीभ कोरी पाहिजे." त्यांचाही वडापाव मीच खाल्ला. कऱ्हाडपर्यंत हायवेची कामं चालू आहेत. पुढे ताकारीवरून पलूसला जाताना उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगावं लागतं, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका.

वाईनरी म्हणजे द्राक्षबागेच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड. आत छान गारवा. चाखण्याचे माणशी तीनशे, बाटली घेतली तर तेवढे वजा. गाडी चालवणाऱ्याने घोट बादलीत थुंकायचा. परतीला गाडी माझ्याकडे होती, त्यामुळे बादलीही माझ्याकडे.

सत्तरीच्या आप्पांनी काचेच्या नळीने पिंपातून विटकरी लाल वाईन काढून दोघांना दिली. ह्यांनी डोळे मिटले.

"चामडं," हे म्हणाले. "ओली माती. सिगारची पेटी."

ह्यांनी आयुष्यात सिगार पाहिलेला नाही.

"म्हंजे चांगली हाय?" आप्पांनी विचारलं.

"गुंतागुंतीची आहे."

"मग भरू का बाटल्यात?"

"अजून उलगडतेय."

आप्पांनी नळी खाली ठेवली. "मागं दोघं आल्ते. एकानं घोडा सांगितला, दुसऱ्यानं खोगीर. भरायची का, ते कुणीच सांगितलं न्हाई. सोमवारी व्हिनेगरवाला येतोय, त्याला द्यायची का ते ठरवायचंय."

"पण आप्पा, तुम्हाला स्वतःला कशी वाटते?" मी विचारलं.

"मला वासच येत न्हाई, वहिनी. कोरोनात गेला, त्यो परत आला न्हाई. दोन वर्सांत काढायची हुती ही. रोज पिंपाला नाक लावायचो. कवा काढायची त्येच कळंना, म्हणून राहिली."

ह्यांनी पेला फिरवायचा थांबवला. मी पुन्हा एक घोट घेतला आणि या वेळी नीट लक्ष दिलं.

"आंबट झालेली नाही," मी म्हणाले. "पण लाकूड फार लागतंय. द्राक्ष आहे, ते मागे पडलंय. आणि नंतर तोंड कोरडं होतं."

मॉलमध्ये मी घासाघीस करते तेव्हा हे जसे बघतात, तसे बघू लागले. आप्पांनी मात्र स्टूल जवळ ओढलं.

"कोरडं कुठं? जिभंवर का हिरड्यांत?"

"हिरड्यांत."

ते उठले, टाकीतून यंदाची ताजी सिरा आणली आणि मापाच्या पेल्यात जुनीत थोडी मिसळली. "आता?"

"अजून लाकूड आहे."

त्यांनी आणखी ओतली. मी चाखायचं, ते विचारायचे, आणि बादली धरायचं काम ह्यांच्याकडे आलं. किती पेले झाले कुणास ठाऊक. एका पेल्यात द्राक्ष पुढे आलं आणि लाकूड मागे जाऊन बसलं.

"आप्पा, इथेच थांबा. ही मला प्यावीशी वाटतेय."

"मग थुकू नगा. गिळा."

मी गिळली. आप्पा माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि व्हिनेगरवाल्याला सांगितलं, "सोमवारी येऊ नगा."

त्यांच्या घरी त्यांच्या बायकोच्या, मालनताईंच्या हातची शाळूची भाकरी आणि भरलं वांगं जेवलो, ऊन उतरेपर्यंत निवांत गप्पा मारल्या आणि मग निघालो. आप्पांनी मिश्रणाची एक बाटली सोबत दिली. साताऱ्यात पोचेपर्यंत ह्यांनी फेसबुकवर टाकलंसुद्धा: 'आज आम्ही एक जुनी सिरा वाचवली.' आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतला. आल्याचा वास आला, आप्पा आठवले आणि मी कप हातात धरून उभीच राहिले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "वास येतोय."