रोलमधला पहिला फोटो

माझी मोठी बहीण ऑर्लिया सोमवारी सकाळी गेली. मी भांडी घासली, अंत्यविधीचं बघणाऱ्या मिस्टर गेन्सना शवपेटीचं सांगितलं, शिकागोच्या भावंडांना फोन केले. लोक तळलेली कोंबडी आणि केक आणून ठेवत होते, मी एकेकावर झाकण ठेवत होते. रडू काही येत नव्हतं. आत कुणीतरी कापूस ठासून भरला होता.

मंगळवारी सिस्टर कॉर्डेलिया वेअर आली; चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टरच म्हणतो. दक्षिणेतल्या आमच्या मेरिडियन गावात अंत्यविधीची पत्रिका तीच छापून आणते. पहिल्या पानावर माणसाचा फोटो असतो, आणि ती पत्रिका लोक बायबलमध्ये जन्मभर जपून ठेवतात.

"फोटो दे गं, वर्डी. उद्या दुपारपर्यंत छापखान्यात गेला नाही तर बिचारीचं पान कोरं जाईल."

"देते की. फोटोवाल्याच्या घरात फोटोला काय तोटा?"

तोटाच निघाला. ऑर्लियाचा नवरा एल्झी पिकेट. पाचव्या रस्त्यावर त्याचं फोटोचं दुकान. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात आमची काळी माणसं दिसायची ती पोलिसांच्या गाडीशेजारी. नवी टोपी घालून, पोर मांडीवर घेऊन दिसायची ती फक्त एल्झीच्या दुकानाच्या काचेत. अडतीस वर्षं त्याने गावातला एक बाप्तिस्मा सोडला नाही, एक मयत सोडलं नाही. घराच्या भिंतींवर सगळ्या गावाच्या लेकी-सुना होत्या, आणि माझी बहीण कुठेच नव्हती. लग्नाचाही फोटो नव्हता. सकाळी कोर्टात सह्या करून हा बाबा दुपारी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढायला गेला होता.

"लोकांच्या कुत्र्यांचेसुद्धा फोटो काढलेस," मी म्हणाले, "आणि हिचा एक नाही?"

मला संताप आला होता. त्या आठवड्यात तोवर मला धड काही वाटलं असेल तर तेवढंच.

एल्झी खुर्चीत बसून होता. सोमवारचाच शर्ट अंगावर होता. "आहे," तो म्हणाला. "दुकानात."

दुकानात मागच्या खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत, त्यात फिल्मचे सगळे रोल. त्याने निगेटिव्हची एक पट्टी काढून खिडकीशी धरली. पहिल्याच चौकटीत ऑर्लिया. दुसरी पट्टी काढली, तिच्यातही पहिली ऑर्लिया. तिसरीतही तीच.

मला हे माहीत असायला हवं होतं. फिल्म करणाऱ्यांनी ती गोऱ्या कातडीसाठी केलेली. उजेड जरा चुकला की आमच्या चेहऱ्याचा काळा डाग होतो आणि त्यात नुसते दात दिसतात. म्हणून गिऱ्हाईक केस नीट करत असेपर्यंत एल्झी खुर्चीत ऑर्लियाला बसवायचा, दिवे पुढेमागे करायचा आणि एक फोटो घ्यायचा. "या गावात सगळ्यांत काळी मी," ती ऐटीत सांगायची, "माझा चेहरा निघाला म्हणजे कुणाचाही निघेल!" रोल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिच्या हातात पाटी असायची, पाटीवर खडूने गिऱ्हाइकाचं नाव. फोटो घेतला की एल्झी म्हणायचा, "झालं, ऊठ आता." ती उठायची आणि गिऱ्हाईक बसायचं. उजेडाच्या चाचणीचा तो पहिला फोटो कधी छापायचा नसतो.

आम्ही संध्याकाळपर्यंत पट्ट्या बघत राहिलो. ॲप्रन घातलेली ऑर्लिया. केसांना कागद गुंडाळलेली. सत्तेचाळीस सालची, पोटुशी; ते पोर पुढे राहिलंच नाही. पाटी मात्र प्रत्येक फोटोत होती, आणि प्रत्येक पाटीवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. कोरी पाटी मी पुष्कळ शोधली.

"फोटो गळ्याखाली काप," मी म्हणाले. "पाटी जाईल."

"हातही जातील," एल्झी म्हणाला.

त्याने एक फोटो निवडून छापला. ती हसायला सुरुवात करत होती, पण हसली नव्हती. बुधवारी सकाळी मी तो कॉर्डेलियाच्या हातात दिला.

"अगं बाई!" कॉर्डेलिया ओरडली. "पाटीवर माझंच नाव आहे! मी शिक्षिकेची परीक्षा पास झाले तेव्हाचा हा. माझ्या आधी बसली होती ती." मग ती खाली बसली आणि घळाघळा रडली. मी तिला पाणी दिलं. मला तिचा हेवा वाटला.

पत्रिका तशीच छापली, पाटीसकट.

गुरुवारी आम्ही मिस्टर गेन्सकडे गेलो. पेटीतल्या माणसाचा फोटो काढावाच लागतो आमच्यात. जे उत्तरेला कामाला गेले आणि येऊ शकले नाहीत, त्यांना तो पाठवायचा असतो. इतरांचे काढतो तसाच एल्झी हिचाही काढणार होता. त्याने कॅमेऱ्याची तिवई लावली, दिवे लावले, पिशवीतून पाटी काढली आणि न बघताच बाजूला पुढे केली. तिकडे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला.

"आण, मी बसते," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, दिवा तपासतात तसं. "तू उजळ आहेस, वर्डी. तुझ्यावरून लावलेला उजेड तिला चुकेल."

मग त्याने खडू घेतला. पाटीवर नेहमी ऑर्लियाच लिहायची, त्याचं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होते. ऑर्लिया पिकेट, असं त्याने लिहिलं. पेटीजवळ जाऊन ती पाटी तिच्या घडी घातलेल्या हातांखाली नीट खोचली, एक दिवा वीतभर मागे सरकवला आणि फोटो घेतला.

"झालं," तो म्हणाला. "ऊठ आता."

रोल पुढे सरकवून तो कॅमेऱ्यामागे थांबून राहिला. मिस्टर गेन्सनी टोपी काढली. मी पेटीकडे गेले आणि पुढच्या फोटोसाठी पाटी काढायला हात घातला, पण ती मला दिसेना, डोळ्यांपुढे सगळं पाणीच पाणी झालं होतं.