करंटकाकांची फुंकर

करंटकाकांनी हात लावला आणि गाडीचा दिवा लागला नाही, असं कुणी बाजारात म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. दुचाकीच्या वायरिंगमध्ये काकांनी हयात घालवली होती. दुकान म्हणजे जेमतेम एक शटर, आत भिंतीवर वायरींची रंगीत वेटोळी आणि एक बाकडं. पण तोरा असा, की इंजिनवाले मेकॅनिक त्यांच्या लेखी नुसते नटबोल्ट पिळणारे.

अशा माणसाची स्वतःचीच जुनी मोटरसायकल भर चौकात बंद पडू लागली. दिवा जायचा, हॉर्न मुका व्हायचा, मग इंजिनही मान टाकायचं. काका हेडलाइट उघडायचे, आतले कनेक्टर सोडवायचे, प्रत्येकात एक दणदणीत फुंकर मारायचे आणि पुन्हा जोडायचे. गाडी चालू! चार दिवस गेले की ये रे माझ्या मागल्या. गाडी ढकलत आणताना शेजारचा पंक्चरवाला हमखास म्हणायचा, "दिव्याखाली अंधार, काका!" काका हसण्यावारी न्यायचे, पण घरी जेवण गोड लागत नसे.

त्यातून बोटं हल्ली बधिर व्हायची, बारीक पिना दिसायच्या नाहीत. दुकान चालवायला लेक तयार होती. तयार कसली, हटूनच बसली होती. त्यांच्याच शेजारी बसून काम शिकलेली पोर. पण काकांचं पालुपद एकच, "माझ्या हाताची सर तुला यायची नाही." महिनाअखेरीला शटर कायमचं ओढायचं, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

"ओढा की," लेक म्हणाली. "त्याआधी तुमची गाडी एकदा माझ्या ताब्यात द्या. नाही जमलं, तर दुकानाचं नाव काढणार नाही."

काका स्टूल ओढून समोर बसले, चुका काढायला.

तिने आधी बॅटरीची मायनस वायर काढली. काकांनी तेच सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. हेडलाइटमधला मोठा कनेक्टर घट्ट बसला होता, प्लास्टिक जुनं, ठिसूळ. आता ही वायर धरून ओढणार आणि पिना उपटून हातात येणार, असं काका मनाशी म्हणतात तोच तिने आईचा केस वाळवायचा ड्रायर काढला. प्लास्टिकला ऊब दिली, अंगठ्याने खटका दाबला आणि दोन्ही अर्धी धरून, हळूहळू हलवत ती वेगळी केली. काकांना चूक सापडेना, म्हणून ते ड्रायरवर घसरले.

"आईला विचारलंस का?"

"तिनेच दिला. म्हणाली, एकदाचा त्यांचा जीव शांत कर."

मग तिने दोन कनेक्टर त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. हेडलाइटमधल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. मागच्या दिव्याच्या पिना मात्र लख्ख पिवळ्या होत्या.

"मागचा तुम्ही कधी उघडलाच नाही, बाबा. हा दर वेळी उघडता आणि फुंकता. काढून-जोडताना पिना घासतात, म्हणून चार दिवस गाडी चालते. पण तोंडातली वाफ आत जाते, वरून तुम्ही झाकण लावून टाकता."

काकांचा चेहरा पडला. म्हणजे आजवर हजारो गाड्यांत आपण फुंकर घातली! राग आला, चांगलाच आला. पण कुणावर काढणार? आणि मग त्यांना पोरीचं कौतुकच वाटलं. इतकं स्पष्ट, इतकं तोंडावर आणि तरी आवाज न चढवता त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीने क्लीनर फवारला, बारीक ब्रशने पिना घासल्या, नीट वाळू दिल्या. सैल पडलेल्या पकडी टोकदार पक्कडीने किंचित आवळल्या, ग्रीसचं नुसतं बोट लावलं आणि खटका टक् वाजेपर्यंत कनेक्टर दाबला. बॅटरीची वायर परत जोडून, गाडी चालू करून तिने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, वायरींचा जुडगा हलवला. दिव्याने पापणीसुद्धा लववली नाही. काकांनी स्वतः उठून जुडगा गदागदा हलवून पाहिला. दिवा ढिम्म.

हेडलाइटची काच बसवायची राहिली होती, तेवढ्यात एक माणूस स्कूटर घेऊन दारात आला.

"काका, इंडिकेटर लागत नाहीत. जरा बघता का?"

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा. माझा नंबर आधी आहे. मीही गिऱ्हाईकच, मिस्त्री त्या आहेत."