चिचगडकडे न वळलेल्या बंड्या

सत्तावन्न सालच्या माघात, गोंदियातल्या नाटकशौकिनांच्या मेळ्यात, शेवटच्या दिवशी दुपारी चिचगडच्या वन्समोरकाकांवर अन्याय झाला. मी तिथं होतो. सगळं नियमानं झालं, असं लोक अजून सांगतात. मी त्याला लबाडी म्हणतो.

काकांचा आवाज धानाच्या बांधीतली पाखरं हाकलून कमावलेला. नाटकात काही आवडलं की ते उभे राहून "वन्समोर!" ओरडत आणि मेलेला सेनापतीही उठून पुन्हा मरे. माझ्यासारखा नुसती मान हलवणारा दिसला की खेकसत, "काऊन बे, तोंडात सुपारी आहे का? वरड ना!"

घरी परतले की अख्खं नाटक अंगणात एकटेच करत, काकूंसाठी. काकूंचे पाय गेले होते. जंगलातल्या वाटेवर बैलबंडीचे हिसके त्यांना सोसत नसत. बाजेवरून त्या म्हणत, "तुमची राणी लय खोकलून राहिली. मले खरी राणी कवा दिसन?"

म्हणून मेळा एकदा तरी चिचगडला भरावा, हा काकांचा ध्यास. "तिले मांडवात नेता येत नाही, त मांडव तिच्याकडे नेला तर कोणाचं काय जाऊन राहिलं?"

जात होतं ना, गोंदियाच्या दुकानदारांची गिऱ्हाइकं! तसा मेळा शौकिनांचाच, मांडवाचे बांबूही आम्हीच रोवायचो. पुढचं ठिकाण मतानं ठरे: एका बंडीला एक मत. घंटा झाली की बंडीवाल्यानं आपल्या सोडलेल्या बंडीचं जू पसंतीच्या गावाकडे फिरवायचं. न फिरवलेली बंडी म्हणजे 'मेळा इथंच राहू द्या'. जे आहे त्याला काही न करता मत! मग मेळा गोंदियातून हलणार कसा?

त्या वर्षी काकांनी देवरी, सालेकसा पालथं घातलं. आमच्या बाजूच्या बंड्यांनी मैदान भरून गेलं. मेळ्याचे चिटणीस गोंदियाचे कापडवाले. त्यांनी ते पाहिलं आणि सकाळची घंटा दुपारवर ढकलली, नेमकी राजा वनवासाला निघतो त्या प्रवेशावर. काकांनी डाव ओळखला. सगळ्यांना बजावलं, "घंटा झाली का उठा. राजा जाऊ द्या कुठं जाते त."

राजानं राणीचा हात सोडला. मांडव रडत होता. आणि काकाच उभे राहिले: "वन्समोर!" राजा मागं आला, पुन्हा निघाला. घंटा कोण ऐकणार? बाहेर आलो तर बंड्या जशाच्या तशा उभ्या. चिटणीस हसले, "काकाजी, गिनती तो हो गई."

"माहाच गळा नडला गा," परतताना काका एवढंच बोलले. नाही काका. नाटकवेड्यांना नाटकात गुंतवून मागं मतं मोजली, दोष त्यांचा.

काका गेल्या पावसाळ्यात वारले. काकू अजून बाजेवर आहेत, त्यांच्या अंगणात आता नाटक होत नाही. मेळा गोंदियातच भरतो, नियम तोच, घंटाही त्याच प्रवेशाला. तुम्ही या माघात बंडी घेऊन येणार ना? मग घंटेआधी मांडवातून उठा, घंटा होताच जू चिचगडकडे फिरवा आणि मोजणी संपेपर्यंत बंडीजवळून हलू नका.