डीपीचं तेल

ती दुपार मी विसरलेलो नाही. आजही रोहित्राखाली कुणी उभं दिसलं की मी त्याला हाक मारून बाजूला घेतो. लोक म्हणतात, म्हातारचळ लागलाय. म्हणू देत.

तेव्हा मी कर्जत भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावोगावच्या रोहित्रांतून, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपीतून, तेल चोरीला जात होतं. हे तेल आतल्या तारांच्या वेटोळ्यांना थंड ठेवतं. तळाच्या तोटीतून अधूनमधून बाटलीभर नमुना काढून तपासत राहिलं, तर रोहित्र वर्षानुवर्षं टिकतं. तेल आटलं, तर पेटतं. गुन्हे नोंदवले, पंचनामे झाले, पण धागा सापडत नव्हता.

तो ठाण्यातच निघाला. आमचे लंगडणारे हवालदार एके सकाळी ताठ चालत आले. मी चिडवलं, "काय हो, गुडघे बदलून आणले?"

"नाय साहेब, डीपीचं तेल चोळतो. संधिवाताला लय गुण हाय. खोपोलीच्या शिळफाट्यावर एक जण देतो."

आमच्याकडे ही समजूत जुनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. खोपोलीच्या ठाण्याला कळवून त्या विक्रेत्याला आम्ही ताब्यात घेतलं. तो तेल तपासणाऱ्या कंत्राटदाराकडे मजूर होता.

"नमुन्याचं उरलेलं तेल हाय," हेच तो घोळवत राहिला. नमुना बाटलीत मावतो, याच्याकडे डबे भरलेले. तरी बधेना. मी आवाज चढवला नाही. दरडावलेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही.

तेवढ्यात हवालदार दारात आले. "साहेब, निघू का? कडावला पुतणीची हळद हाय. मांडव डीपीला लागूनच घातलाय."

समोरच्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कुठली डीपी? शाळंजवळची?"

"हां."

"लाईट बंद करा, साहेब. तिच्यात निम्मंबी तेल ऱ्हायलं नाय. पातळी दिसू नये म्हणून काचेला मी ग्रीस फासलंय."

नोकरीत मी बरंच पाहिलं, पण इतका कधी भ्यालो नव्हतो. वीज उपकेंद्राचा फोन लागेना. हवालदार भावाला फोन लावत होते, तिकडे बँडच्या आवाजात कुणी उचलेना. जीपमध्ये त्यांनी दोन्ही गुडघे गच्च धरले होते. उपकेंद्राचा फोन लागून वीज तोडायला सांगितली, तेव्हा कडावची घरं दिसू लागली होती.

पोचलो तर बँड थांबलेला, पंखे बंद. हवालदारांच्या वहिनी हळदीच्या हातांनी पुढे आल्या. "काय भावोजी, ऐन हळदीत लाईट गेली की!"

त्यांच्या मागे रोहित्राची टाकी आधणासारखी खदखदत होती. आम्ही काही न सांगता आधी मुलाबाळांना, मग नवरीला बाहेर काढलं.

नंतर वीज कंपनीच्या अभियंत्याने तपासलं. वेटोळी उघडी पडली होती. "मांडवाचा भार अजून थोडा वेळ राहिला असता तर..."

चोराला गिऱ्हाईक लागतं, आणि ते बहुधा आपल्यातलंच असतं, हे मी त्या दिवशी शिकलो. परतताना हवालदारांनी विचारलं, "साहेब, मी चोळलं ते ह्याच डीपीचं असंल का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा लंगडत येऊ लागले. ठाण्यात त्यांना कुणी चिडवलं नाही.